कागदाची मुदत आणि कायद्याची मुदत

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अगदी मागच्या भिंतीला लागून एक लाकडी कपाट आहे. त्याची किल्ली ग्रंथपालांकडे असते आणि ती मागायला वर्षाकाठी दोन-तीनच माणसे येतात. या कपाटातील जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग करावयाचे ठरले, तेव्हा मदतनीस म्हणून काम करण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. पहिल्याच दिवशी टेबलावर दोन पुस्तके आली. एक होती हरिभाऊ आपट्यांची कादंबरी, कडा तपकिरी झालेली, पण बांधणी शाबूत असलेली. दुसरे होते जेमतेम शंभर पानांचे ओव्यांचे पुस्तक, तालुक्याच्या गावी एका लहानशा छापखान्यात १९५२ साली छापलेले. एका प्राथमिक शिक्षकाने आसपासच्या गावांतून हिंडून, जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडून ऐकून त्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. त्याचे पहिलेच पान उलटले आणि पानाचा कोपरा बोटातच राहिला.

हरिभाऊंच्या कादंबरीचे काम सुरू झाले. ती इंटरनेटवर ठेवली की जगातील कोणालाही, केव्हाही, विनामूल्य वाचता येईल, असे सांगण्यात आले. ओव्यांच्या पुस्तकाबद्दल मात्र ग्रंथपाल म्हणाले, "याचे फोटो घ्या, पण हे बाहेर ठेवता यायचे नाही." कारण विचारले तेव्हा त्यांनी एकच शब्द उच्चारला, "कॉपीराइट."

मनात आले, हा कुठला न्याय? ज्या कादंबरीच्या आवृत्त्या बाजारात सहज मिळतात, ती जगाला फुकट वाटायची आणि ज्या पुस्तकाची कदाचित ही एकच प्रत उरली असेल, ते कुलपात ठेवायचे! या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले आणि समजले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कागदाकडे वळू. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले, तेव्हापासून मराठी मुद्रणाचा इतिहास सामान्यत: सांगितला जातो. त्या काळचा कागद चिंध्यांच्या लगद्यापासून होई व तो चिवट असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. स्वस्त कागदामुळे पुस्तके सामान्य माणसाच्या हाती पडली हे खरे. पण त्या कागदातच त्याच्या नाशाचे बीज होते. शाई फुटू नये म्हणून त्याला तुरटी व राळ यांची खळ देत. तिच्यामुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते तंतूंना आतून खात राहते. आपल्याकडची उष्णता आणि पावसाळी दमट हवा या क्रियेला हातभारच लावते. म्हणूनच एखादी तीनशे वर्षांपूर्वीची पोथी धडधाकट असते आणि सत्तर वर्षांपूर्वीचे पुस्तक पापडासारखे मोडते. कसर आणि वाळवी यांचा बंदोबस्त करता येतो. पण कागदाच्या अंगातच मुरलेल्या आम्लाचा बंदोबस्त करणे खर्चाचे व कौशल्याचे काम आहे. अशा पुस्तकांतील मजकूर वाचवायचा, तर त्याची दुसरी प्रत करणे हाच आपल्या आटोक्यातला उपाय होय.

ही दुसरी प्रत आता संगणकात केली जाते. पुस्तक सपाट दाबले तर त्याचा कणा मोडतो. म्हणून ते इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या घडवंचीवर अर्धवट उघडे ठेवतात आणि वरून कॅमेऱ्याने एकेक पान टिपतात. इंचाला किमान तीनशे ठिपके या हिशेबाने घेतलेले चित्र वाचायला चांगले पडते. येथपर्यंतचे काम सोपे. परंतु चित्र म्हणजे मजकूर नव्हे. चित्रातील शब्द शोधता येत नाही. त्यासाठी चित्रातली अक्षरे ओळखून ती मजकुरात उतरविणारी आज्ञावली वापरावी लागते आणि जुन्या मराठी टाइपापुढे ती वारंवार अडखळते. 'ख' चे 'रव' होते, 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल होते, 'भ' चा 'म' होतो. जुन्या वळणाचे 'अ', 'ल' आणि 'श' तर तिला पुष्कळदा परके वाटतात. अखेर माणसाने बसून मुद्रितशोधन केल्यावाचून गत्यंतर नसते. 'विकिस्रोत' या मुक्त ग्रंथालयात हे काम स्वयंसेवक करतात. एकाने पान मुळाशी ताडून पाहायचे, दुसऱ्याने ते पुन्हा तपासायचे आणि मगच ते पान पक्के समजायचे, अशी तेथील शिस्त आहे. शुद्धलेखनाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला याहून चांगली तालीम मिळणार नाही.

अशा विनामूल्य ग्रंथालयांचा आरंभ वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. ४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकात टंकित करून ठेवला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभे राहिले. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी 'इंटरनेट अर्काइव्ह' स्थापन केले. आपल्याकडे या शतकाच्या आरंभी 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प सुरू झाला. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था व अन्य काही संस्था त्यात होत्या. त्यात हजारो मराठी पुस्तके स्कॅन झाली. काही पाने वाकडी आली, काही गळाली, मराठी नावांची रोमन लिपीत अशी काही मोडतोड झाली की, पुस्तक असूनही सापडेना. पुढे ते संकेतस्थळच बंद पडले. त्यातील पुष्कळशी पुस्तके 'इंटरनेट अर्काइव्ह'वर उतरवून ठेवलेली होती, म्हणून ती आज वाचता येतात. तात्पर्य, संगणकात ठेवलेले पुस्तकही अमर नसते. त्याच्याही प्रती अनेक ठिकाणी असाव्या लागतात. शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आता घरबसल्या चाळता येतो. आपला मराठी विश्वकोशही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. खेड्यातल्या विद्यार्थ्याला हे कोश पाहण्यासाठी पूर्वी जिल्ह्याच्या गावी जावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

असे असताना ओव्यांच्या पुस्तकाने काय घोडे मारले? येथे कायदा आडवा येतो. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये १७१० साली राणी ॲनच्या कारकीर्दीत जो कायदा झाला, तो लेखकाचा हक्क मानणारा पहिला कायदा समजला जातो. नव्या पुस्तकावर लेखकाचा हक्क चौदा वर्षे आणि ती संपताना लेखक हयात असेल तर आणखी चौदा वर्षे, अशी त्यात तरतूद होती. लेखकाला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे, पण ते अनंत काळ नव्हे, हा त्यामागील विचार होता. ठराविक काळानंतर ग्रंथ सर्वांचा व्हावा हा त्या कराराचा दुसरा भाग होय. लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांना तो रुचला नाही. आपला हक्क कायमचा आहे असे ते भांडत राहिले. अखेर १७७४ साली उमरावांच्या सभागृहाने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात, मुदत संपली की हक्क संपला, असा निर्णय दिला. आज आपण ज्याला 'मुक्त' पुस्तक म्हणतो त्याचा पाया या निर्णयात आहे.

पुढे मुदत मात्र वाढत गेली. आपल्याकडे १८४७ साली कंपनी सरकारने कायदा केला, १९१४ साली ब्रिटिश कायद्यावर बेतलेला दुसरा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा झाला. तोच २१ जानेवारी १९५८ पासून, वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. त्यात मूळ मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे अशी होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. म्हणजे त्यांचे वाङ्मय १९९१ अखेर मुक्त व्हायचे होते. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये, अगदी शेवटच्या दिवसांत, सरकारने वटहुकूम काढून मुदत साठ वर्षे केली आणि १९९२ मध्ये तसा दुरुस्तीचा कायदा झाला. हा बदल एकट्या टागोरांना लागू नव्हता. त्या वेळी ज्यांचे ज्यांचे हक्क जिवंत होते, त्या सर्व लेखकांच्या पुस्तकांना दहा वर्षांची जादा मुदत मिळाली. गांधीजींचे लेखन १९९९ च्या आरंभी मुक्त झाले असते, ते २००९ च्या आरंभी झाले. 'नवजीवन' न्यासाने ही मुदत आणखी वाढवून मागितली नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

तेव्हा आजचा नियम असा : लेखक हयात असेतोवर, आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून साठ वर्षे. हिशेब सोपा आहे. मृत्यूच्या सालात साठ मिळवा. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले. 'श्यामची आई' निरनिराळ्या प्रकाशकांच्या आवृत्त्यांत दिसते याचे कारण हेच. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके २०१७ च्या आरंभापासून मुक्त आहेत. वि. स. खांडेकरांचे निधन १९७६ चे. त्यांच्या कादंबऱ्यांसाठी २०३६ अखेरपर्यंत थांबावे लागेल. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांचे हक्क २०६० अखेरपर्यंत राहणार. हरिभाऊ आपटे १९१९ सालीच निवर्तले असल्याने पन्नास वर्षांच्या जुन्या नियमाने ते केव्हाच मुक्त झाले होते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, मग अडचण कोठे आहे? मृत्यूचे साल शोधा आणि बेरीज करा. परंतु प्रत्यक्षात गाठी अनेक आहेत. बहिणाबाई चौधरींचेच उदाहरण पाहा. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली प्रसिद्ध झाली. लेखकाच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची साठ वर्षे मृत्यूपासून मोजत नाहीत, ती प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या हिशेबाने या कवितांची मुदत २०१२ अखेर संपली. पण त्या संग्रहाला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे १९६९ साली गेले. म्हणजे कविता मुक्त, परंतु त्यांच्यापुढील प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत बांधलेली! ते पुस्तक जसेच्या तसे स्कॅन करून ठेवणारा मनुष्य नकळत कायदा मोडून बसेल. प्रस्तावनेची पाने वगळून उरलेले ठेवले, तर मात्र कोणाची हरकत नसावी.

संपादित आवृत्त्यांचेही असेच आहे. ज्ञानेश्वरी सातशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर कोणाची मालकी असणार? पण सोनोपंत दांडेकरांच्या 'सार्थ ज्ञानेश्वरी'तील गद्य अर्थ हे त्यांचे स्वतंत्र लेखन आहे. त्यांचे निधन १९६८ चे असल्याने ते २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. भाषांतराचा हक्कही वेगळा असतो. टागोरांचे मूळ काव्य आज मुक्त आहे, म्हणून त्याचा गेल्या पिढीतील मराठी अनुवाद मुक्त होत नाही. दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाची मुदत मागाहून निवर्तलेल्या लेखकाच्या सालापासून मोजतात. निनावी किंवा टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकाची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे. मात्र त्या अवधीत लेखकाची ओळख उघड झाली, तर पुन्हा मृत्यूचाच नियम लागतो.

आणखी एक गाठ देशादेशांतील फरकाची. युरोपात बहुतेक ठिकाणी मुदत मृत्यूनंतर सत्तर वर्षे आहे. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांपर्यंत जाते आणि १९९६ पासून हा नियम अनेक परदेशी पुस्तकांनाही लागू झाला आहे. त्यामुळे पुण्यात मुक्त असलेले मराठी पुस्तक न्यूयॉर्कमध्ये बांधलेले असू शकते. मुक्त ग्रंथालयांचे संगणक बहुधा अमेरिकेत असतात, म्हणून त्यांना दोन्ही देशांच्या कायद्यांचा विचार करावा लागतो.

याउलट एक चुकीची समजूतही दूर केली पाहिजे. काही संस्था शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे पुस्तक स्कॅन करतात, प्रत्येक पानावर आपला शिक्का उमटवितात आणि 'सर्व हक्क राखीव' असे लिहितात. स्कॅन करण्यात श्रम आणि खर्च असतो हे मान्य. पण केवळ श्रमाने नवा स्वामित्वहक्क उत्पन्न होत नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असे तत्त्व सांगितले की, हक्कासाठी नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडीतरी निर्मितीची बुद्धी त्यात दिसली पाहिजे. पानाच्या हुबेहूब छायाचित्रात ती कशी असणार? सार्वजनिक विहिरीला आपण रहाट बसवला म्हणून पाणी आपले होत नाही.

कायद्यात सवलतीही आहेत आणि त्या विद्यार्थ्यांना ठाऊक असाव्यात. खाजगी अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी रास्त प्रमाणात नक्कल करणे हा गुन्हा नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील फोटोकॉपीच्या दुकानावर मोठ्या विदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता. त्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणाच्या ओघात केलेल्या नकलांच्या बाजूने कौल दिला आणि प्रकाशकांनी पुढे तो दावा सोडून दिला. अंध व अन्य अपंग वाचकांसाठी त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. त्याच दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याजवळ छापील प्रत असलेल्या पुस्तकाची, केवळ जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची परवानगी मिळाली. ग्रंथपालांचे "फोटो घ्या, पण बाहेर ठेवता यायचे नाही" हे वाक्य या कलमाचेच सार होते. जतन करण्यास मुभा आहे, वाटण्यास नाही. मोडणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. नफ्यासाठी केले नसेल, तर न्यायालय कारण नमूद करून शिक्षा कमी करू शकते. पण गुन्हा तो गुन्हाच.

आता आपण ओव्यांच्या पुस्तकाकडे परत येऊ. ओव्या कोणाच्याच नव्हेत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. परंतु त्यांची निवड, मांडणी, प्रस्तावना आणि टिपा त्या शिक्षकाच्या आहेत. १९५२ साली ते चाळिशीत असले आणि ऐंशी वर्षे जगले असे धरले, तर त्यांचा मृत्यू १९९० च्या आसपास येतो आणि हक्क २०५० च्या आसपास संपतो. त्यांचे निधन नक्की केव्हा झाले हे कोणास ठाऊक नाही. छापखाना बंद पडला. पुस्तकावर दिलेल्या पत्त्यावर पत्र धाडले, ते परत आले. हक्क कोणाकडे आहे हेच समजत नाही, तर परवानगी मागायची कोणाकडे? अशा पुस्तकांना 'अनाथ ग्रंथ' म्हणतात. मराठीत त्यांची संख्या थोडीथोडकी नसावी. गावोगावच्या छापखान्यांत शिक्षकांनी, कीर्तनकारांनी, वैद्यांनी पदरमोड करून छापलेली पुस्तके डोळ्यांपुढे आणा. त्यातून कोणाला पैसा मिळालेला नाही, पुढेही मिळणार नाही, आणि तरीही ती कायद्याने बंद आहेत.

यावर कायद्यात उपाय नाही असे नाही. लेखक मृत, अज्ञात किंवा सापडत नसेल, तर प्रकाशनाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला मनोदय जाहीर करावा लागतो आणि परवाना मिळाल्यास ठरेल ते मानधन हक्कदारासाठी जमा करावे लागते. तालुक्यातल्या शिक्षकाच्या वारसांना शोधण्यासाठी इंग्रजी वृत्तपत्रात जाहिरात! जाहिरातीचा खर्च पुस्तकाच्या सगळ्या प्रतींच्या किमतीहून अधिक व्हायचा. शिवाय विनामूल्य वाटणाऱ्या ग्रंथालयाने मानधन आणायचे कोठून? उपाय कागदावर आहे. पण लहान ग्रंथालयाच्या तो हाती लागत नाही.

येथवर वाचून कोणास वाटेल की, कायदा हा ग्रंथांचा शत्रूच आहे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लेखक हा काही हवेवर जगत नाही. मराठी लेखकाला मिळणारे मानधन मुळातच बेताचे. पूर्वी कित्येकांनी अडीनडीला एकरकमी थोडक्या पैशात हक्क विकून टाकले आणि पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत असता त्यांच्या घरी काही पोचले नाही. आजही नवीकोरी कादंबरी प्रसिद्ध होते आणि थोड्याच दिवसांत तिची संगणकीय प्रत हातोहात फिरू लागते. पाठविणारा "वाचन वाढावे म्हणून" असे म्हणतो. पण पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती खपायला वर्षे लागतात, तेथे अशा उदारपणाने प्रकाशक दुसरे पुस्तक काढायला धजत नाही. हरिभाऊंची कादंबरी वाटणे आणि हयात लेखकाची कादंबरी वाटणे या दोन गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत.

मोठ्या संस्थांनाही ही रेषा कोठे काढावी याचा पेच पडलेला आहे. गूगलने २००४ साली विद्यापीठांतील पुस्तके स्कॅन करण्यास प्रारंभ केला. लेखकांच्या संघटनेने २००५ मध्ये दावा लावला. तो दहा वर्षे चालला. हक्कातील पुस्तके शोधू देणे आणि त्यांतील चार ओळींचे तुकडे दाखविणे हा रास्त वापर आहे, असा निकाल २०१५ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने दिला. 'इंटरनेट अर्काइव्ह'चे दैव वेगळे निघाले. आपल्याजवळ एक छापील प्रत असेल, तर एका वेळी एकाच वाचकास संगणकीय प्रत उसनी द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ग्रंथालये बंद झाली, तेव्हा त्यांनी ही मर्यादा काही काळ उठविली. चार मोठ्या प्रकाशकांनी जूनमध्ये दावा दाखल केला. २०२३ साली निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम झाला. साथीपुरती दिलेली सवलतच नव्हे, तर हक्कातील पुस्तके स्कॅन करून उसनी देण्याची पद्धतच न्यायालयाने अमान्य केली. सद्‌हेतू ही न्यायालयात पुरेशी ढाल नसते, हा त्यातील धडा होय.

मग आपण काय करावे? प्रस्तुत लेखकास तीन गोष्टी सुचतात. पहिली, जे निर्विवाद मुक्त आहे ते आधी वाचवावे. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची कित्येक मराठी पुस्तके अजून कपाटांत पडून आहेत. त्यांच्याबाबत कायद्याची सबब सांगता येणार नाही. तेथे फक्त आपला आळस आडवा येतो. दुसरी, जे हक्कात आहे परंतु मोडकळीस आले आहे, त्याची प्रत आजच करून ठेवावी. ती लगेच दाखविता आली नाही तरी चालेल. मुदत संपेल त्या दिवशी दाखवायला काहीतरी उरले पाहिजे. प्रत्येक प्रतीबरोबर लेखकाच्या मृत्यूचे साल, ठाऊक असल्यास, लिहून ठेवावे. ही एक ओळ पुढच्या माणसाचे महिन्यांचे श्रम वाचवील.

तिसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरची आहे. स्वामित्वहक्क ही वारशाने येणारी मालमत्ता आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. कोणाच्या आजोबांनी गावाचा इतिहास लिहिलेला असतो, कोणाच्या पणजीने पाककृती छापलेल्या असतात. हयात लेखकाला स्वत:चा हक्क जाहीर सूचना देऊन सोडता येतो. वारसांनाही, हक्क त्यांच्याकडे आलेला असल्यास, 'हे पुस्तक कोणीही विनामूल्य वाचावे व वाटावे' असा लेखी परवाना देता येतो. सही करायला सर्व वारसदार मिळाले पाहिजेत एवढेच. जमिनीच्या सातबाऱ्यावर आपले नाव लागले की नाही हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. आजोबांच्या पुस्तकाचा वारसा मात्र रद्दीच्या भावाने जातो.

हरिभाऊंची कादंबरी आमच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहे. ओव्यांच्या पुस्तकाचीही सर्व पाने टिपून झाली. दोन पानांचे कोपरे गेले होते, तेवढे शब्द कायमचे गेले. ती प्रत ग्रंथपालांच्या संगणकात कुलूपबंद आहे. मूळ पुस्तक कापडात गुंडाळून त्याच कपाटात परत ठेवले आहे. त्या शिक्षकांचे नाव, पुस्तकाचे नाव आणि गावाचे नाव एका कागदावर लिहून तो ग्रंथालयाच्या दाराशी फलकावर लावला आहे. या महाविद्यालयात त्या तालुक्यातील पुष्कळ विद्यार्थी येतात. त्यांपैकी कोणाला ते आडनाव ओळखीचे वाटले, तर त्याने घरी वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी आणि ग्रंथपालांना येऊन भेटावे. एका सहीचे काम आहे. ती मिळाली, तर त्या बायकांच्या ओव्यांना २०५० पर्यंत थांबावे लागणार नाही.